पाचपैकी साडेचार

रोकडेबाईंच्या शोकसभेत एक वक्ते म्हणाले, "प्रयोगात बाईंच्या हातून चूक झाली, हे आपण जाणतोच. पण माणूस म्हणून त्या फार मोठ्या होत्या." खालापूरच्या त्या छोट्या सभागृहात बऱ्याच माना हलल्या. मी तिसऱ्या रांगेत होतो. माझी मान हलली नाही, पण मी उठून उभाही राहिलो नाही. सभा संपली, चहा झाला, मी कर्जतच्या बसमध्ये बसलो आणि दहिवलीला घरी येऊन जेवलोसुद्धा.

बाईंच्या हातून चूक झाली नव्हती. हे मला फार पूर्वीपासून माहीत होतं आणि मी गप्प राहिलो होतो. त्याला तेव्हा एक कारण होतं. सभेच्या दिवशी ते कारणही उरलेलं नव्हतं. उरली होती ती फक्त सवय.

म्हणून काही दिवसांनी मी कशेळ्याला गेलो. जिच्यासाठी आम्ही गप्प राहिलो ती बाई अंगणात वालाच्या शेंगा सोलत बसली होती. मी काय विचारायला आलो आहे ते सांगितलं. तिने हातातली शेंग पुरी सोलली आणि म्हणाली, "लिवा सायेब. माजं नाव बदलायचं तर बदला. पन बाईंचं हाय तसं ऱ्हाऊ द्या."

तिचं नाव मी बदललं आहे. या लेखात ती वनिता आहे.

खालापूरच्या अलीकडे, टोलनाक्याच्या मागच्या टेकडीखाली एक संशोधन केंद्र होतं. आता तिथे दुसरंच काही चालतं, म्हणून त्याचं नाव लिहीत नाही. मी तिथे प्राणिगृहाचा पशुवैद्य होतो. प्राणिगृह म्हणजे मुख्यतः उंदीर. त्यांची तब्येत, त्यांचं खाणं, पिंजऱ्यांची स्वच्छता आणि ते सगळं करणारी माणसं माझ्या ताब्यात. डॉ. मंदाकिनी रोकडे जीवरसायनाच्या. उंदीर त्यांचे, उंदरांची उस्तवार माझी, अशी वाटणी होती. त्या मला कायम "पशुवैद्य" म्हणत. नावाने एकदाही हाक मारली नाही. मी त्यांना बाई म्हणत असे.

बाई ठेंगण्या, भरभर चालणाऱ्या. हातात बारा महिने छत्री. आवाज मात्र अंगाच्या मानाने जाडा. वडील खोपोलीच्या एका कारखान्यात फिटर होते, आणि बाईंच्या बोलण्यात कारखान्याची एक रीत होती. वाक्य छोटं, काम झालं की संपलं. लग्न केलं नव्हतं. का, ते मी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. दुपारी डब्यात तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी. मी शाकाहारी, हे कळल्यापासून त्या डबा मुद्दाम माझ्या खोलीत येऊन उघडत.

"पशुवैद्य, खिडकी उघडा. तुमच्या उंदरांची काही तक्रार नाही, तुमचीच आहे."

बाई लहान मुलांच्या एका दुर्मीळ आजारावर काम करत. या आजारावर तुम्ही कशा आलात, असं एकदा कुणीतरी विचारलं. बाई म्हणाल्या, "बाकीचे सगळे मधुमेहाकडे गेले होते. इकडे जागा रिकामी होती."

आजाराचं नाव जीभ अडखळेल इतकं लांब आहे. बाई आईबापांना ते नाव सांगतच नसत. त्या सांगत, "आपल्या गावात घंटागाडी येते ना, तशी शरीरातल्या प्रत्येक पेशीत एक घंटागाडी असते. रोजचा कचरा नेणारी. ह्या पोरांच्या पेशीत ती जन्मापासून आलेलीच नाही. पहिली दोन-तीन वर्षं घर बरं दिसतं. मग कचरा साचतो. मेंदूत साचतो तो दिसत नाही, पण पोर बोलायचं विसरतं." ती घंटागाडी म्हणजे एक एन्झाइम. ते कसं बनवायचं याची कृती ज्या जनुकात असते, ते जनुकच बिघडलेलं.

बाईंकडे तोच बिघाड असलेले उंदीर होते. दिसायला चांगले, पण महिने गेले की सुस्त होणारे, विसरणारे. त्यांच्यावर बाई एक उपाय करून बघत होत्या. निरुपद्रवी केलेल्या एका विषाणूच्या पोटात बरोबर जनुक भरायचं आणि ते मेंदूपर्यंत पोचवायचं. "विषाणू म्हणजे टेंपो," बाई म्हणत. "त्याचा स्वतःचा माल उतरवायचा, आपला भरायचा. टेंपोला काय, त्याला रस्ता ठाऊक असतो."

ही बातमी एका स्थानिक वर्तमानपत्रात आली आणि केंद्राच्या फाटकाशी माणसं येऊ लागली. कुणी पनवेलहून, कुणी घाटावरून, कडेवर नाहीतर चाकाच्या खुर्चीत मूल. त्यांचा प्रश्न एकच असे.

"बाई, औषध सापडलं म्हणे?"

"उंदरात," बाई म्हणत.

एवढंच. पुढे त्या थांबत, माणसाच्या तोंडाकडे बघत. त्याला तो शब्द नीट पोचला आहे याची खात्री झाली की मग बाकडं दाखवून बसायला सांगत आणि तास तास बोलत. मुलाला गिळायला त्रास होत असेल तर काय करायचं, रात्री झोपत नसेल तर काय करायचं, अपंगत्वाचा दाखला कुठे मिळतो. पण पहिला शब्द तो. उंदरात. कुणी रडलं तरी त्या त्यापुढे दुसरा शब्द जोडत नसत. खालापूर फाट्यावरचे रिक्षावाले त्यांना उंदीरबाई म्हणू लागले. नवं कुणी मूल घेऊन उतरलं की विचारायच्या आधीच सांगत, "उंदीरबाईंकडं ना? बसा."

वनिता अशीच आली. तेव्हा तनू चार वर्षांची होती. वनिताचा नवरा कशेळे-कर्जत मार्गावर वडापची जीप चालवायचा, आणि तनू त्याच्या शेजारी बसून मोठी झालेली. फाटकाशी बाईंनी तिला विचारलं, "गाडी कुठे जाते गं?" आणि पोरीने जीपच्या दारात लटकणाऱ्या माणसाच्या आवाजात आरोळी दिली, "कर्जत कर्जत कर्जत." रखवालदारसुद्धा हसला. त्याआधी तिला कडाव, कशेळे, सगळे थांबे येत होते म्हणे. आता कर्जत तेवढं राहिलं होतं.

त्या घरात पोरीच्या आजाराचं खापर वनितावर फुटत होतं. तशी घरं बाईंनी बरीच पाहिली होती, पण कशेळ्याला त्या स्वतः गेल्या, मला बरोबर घेऊन. ओसरीवर सासू बसली होती. तिने पाणी दिलं आणि लगेच सुरुवात केली.

"आमच्या घरात असलं कदी नव्हतं, बाई. हे हिच्याकडनं आलंय."

"हिच्याकडनं म्हणजे?"

"हिच्या माहेराकडनं."

"हिचं माहेर कुठलं?"

सासूने पदर सारखा केला. वनिता दाराआडून हळूच म्हणाली, "माजा बाप त्यांचा भाऊ." वनिता मामाची मुलगी, नवरा आत्याचा मुलगा. ठरवून, आनंदाने केलेलं लग्न. इकडे तशी पद्धतच आहे.

"म्हणजे हिचं माहेर ते तुमचंच माहेर," बाई म्हणाल्या. "मग ऐका, आजी. ही चिठ्ठी दोन्हीकडून आल्याशिवाय मूल आजारी पडत नाही. एक आईकडून, एक बापाकडून. तुमच्या वडलांकडे किंवा आईकडे एक खराब चिठ्ठी होती. एक तुमच्या भावाला मिळाली, त्याच्याकडून हिला. एक तुम्हाला मिळाली, तुमच्याकडून तुमच्या मुलाला. कुणालाच त्रास झाला नाही, कारण प्रत्येकाकडे दुसरी चांगली होती. पोरीच्या वाट्याला दोन्ही खराब आल्या. दोष द्यायचाच तर अर्धा तुम्ही घ्या. आवडेल तेवढा घ्या, मी वजन करत नाही."

म्हातारीने रिकामा तांब्या उचलला. मग म्हणाली, "भाकर खाऊन जावा."

परतीच्या वाटेवर मी विचारलं, भाकरी कशी होती. "चार," बाई म्हणाल्या.

हे गुणांचं सांगायला हवं. बाई सगळ्याला पाचपैकी गुण देत. एसटी स्टँडवरचा चहा दोन. केंद्राच्या संचालकांचं भाषण दीड. माझ्या बायकोच्या हातचं पिठलं साडेचार, आणि हे ऐकून आमच्या घरी दोन दिवस आनंद. पाच मात्र त्या कुणाला देत नसत. "पाच म्हणजे त्याला परत हात लावावासा वाटता कामा नये," असं त्यांचं म्हणणं. ही खोड त्यांना उंदरांच्या घरट्यांवरून लागली होती.

निरोगी उंदराला कापूस दिला की तो दाताने पिंजून त्याचं घरटं करतो. गोल, मध्ये खळगा, कडा उंच. आजारी उंदीर हळूहळू ते विसरतो. कापूस तसाच पडून राहतो आणि उंदीर भुशावर उघडा पडतो. म्हणून उपाय लागू पडतो का, हे बघायची एक चाचणी असते. संध्याकाळी प्रत्येक पिंजऱ्यात कापसाची एक गादी ठेवायची आणि सकाळी घरट्याला एक ते पाच गुण द्यायचे. कोणत्या पिंजऱ्यातल्या उंदराला औषध मिळालं आणि कोणाला नुसतं पाणी, हे गुण देणाऱ्याला माहीत असता कामा नये. ते मला माहीत होतं, बाईंना नाही. बाई सकाळी यायच्या, पिंजऱ्यांसमोर उभ्या राहायच्या आणि मान डावीकडे, उजवीकडे करून मोठ्याने गुण म्हणायच्या. "तीन. एक. साडेचार. दोन." मदतनीस लिहून घ्यायचा, फोटो काढायचा. चांगल्यातल्या चांगल्या घरट्यालाही साडेचार. मी एकदा म्हटलं, त्या बिचाऱ्याला पाच द्या की. बाई म्हणाल्या, "पाच दिले की उद्यापासून करणार नाही."

खंडेनवमीला प्राणिगृहातली माणसं पिंजऱ्यांना हळदकुंकू लावायला निघाली, तेव्हा बाईंनीच अडवलं. "वासाने उंदीर बिथरतात. दाराला बाहेरून काय ते करा." ज्या दिवशी उंदीर मारून मेंदू तपासायचे असत त्या दिवशी त्या डबा आणत नसत. दारात थोडा वेळ चप्पल काढून उभ्या राहत. प्रार्थना नाही, काही नाही. मी विचारलं तेव्हा म्हणाल्या, "काही म्हणत नाही. उभी राहते."

वनिता आठवड्यातून दोनदा फाटकाशी येऊ लागली. शेवटी तिने काम मागितलं.

"मला उंदरांचं काम द्या बाई. त्ये बरं कसं व्हत्यात त्ये मला बगायचंय."

बाईंनी नाही म्हटलं. आजारी मुलाच्या आईने त्या खोलीत असू नये, हे त्यांना कळत होतं. पण तनूला घेऊन कशेळ्याहून दोन गाड्या बदलत येणारी ती बाई त्यांना बघवेना. त्यांनी तिला पिंजरे धुण्याच्या कामावर घेतलं, आवाराच्या मागच्या चाळीत एक खोली दिली. मग उंदरांच्या खोलीतला माणूस सोडून गेला आणि त्याच्या जागी वनिताला मी टाकलं. मी. बाईंनी विचारलं होतं, "चालेल ना, पशुवैद्य?" आणि मी म्हटलं होतं, पाण्याच्या बाटल्या भरायच्या, त्यात न चालण्यासारखं काय आहे.

वनिता पहाटे बाटल्या भरायला यायची, बाई येण्याआधी. त्या खोलीत वातानुकूलन कायम चालू. कशेळ्याच्या माणसाला तिथे थंडीच वाजायची. ती पदर डोक्यावरून घेऊन काम करायची. बाई येऊन गुण म्हणायच्या तेव्हा ती दाराशी रिकाम्या बाटल्या गोळा करत असायची. एका सकाळी मी लवकर गेलो तर तिचा हात एका पिंजऱ्यात होता. मला वाटलं कापूस सरळ करते आहे. मी म्हटलं, "हात धुतलेस का?" ती म्हणाली, "धुतले सायेब." मी पुढे गेलो.

माझ्या वाट्याची गोष्ट एवढीच आहे. पण ती एवढीशी आहे असं मला कधीच वाटलेलं नाही.

ते वर्ष तनूच्या घसरणीचं होतं. चाळीच्या पायरीवर ती बसलेली असायची, बाई जाता-येता थांबायच्या. "तनू, गाडी कुठे जाते?" आधी तीनदा कर्जत यायचं. मग एकदाच, अर्धवट. "कज्जत." मग नुसते ओठ हलायचे. एका संध्याकाळी बाईंनी विचारलं आणि तनू त्यांच्या छत्रीकडे बघत राहिली. बाई तिथे वाकून उभ्या होत्या त्या तशाच राहिल्या. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी विचारणं सोडलं. थांबायच्या, पोरीचा हात आपल्या हातात घ्यायच्या, पुढे जायच्या.

वनिता मात्र दर आठ दिवसांनी विचारायची, "उंदीर बरं हायेत का बाई?"

"बघतोय."

"झालं तर पयली तनू हां."

बाई यावर कधी हो म्हणाल्या नाहीत. उंदरापासून माणसापर्यंत किती वर्षं जातात हे त्यांनी तिला फाटकावर पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. वनिताने ते ऐकलंही होतं. पण एकाच आवारात एका टोकाला औषध आणि दुसऱ्या टोकाला पोर असल्यावर, मधलं अंतर वर्षांचं आहे हे कुणाला खरं वाटेल?

निकाल आला तो विचित्र. मेंदूत साचलेला कचरा औषध मिळालेल्या उंदरांत खरोखर कमी झाला होता. ते आकडे स्वच्छ होते. पण घरटी सगळ्यांची सारखीच. औषध न मिळालेले उंदीरही बरी घरटी करत होते. म्हणजे रसायनात फरक, वागण्यात काही नाही. निधी देणाऱ्यांना वागण्यातला फरक हवा होता. उंदराचा मेंदू धुऊन निघाला आणि उंदीर तसाच राहिला, तर मुलांना त्याचा काय उपयोग? अहवाल गेला. समिती येणार असं कळलं.

समिती यायच्या आदल्या दुपारी बाईंनी मला बोलावलं. संगणकावर घरट्यांचे फोटो होते.

"पशुवैद्य, हे बघा."

"चांगलं आहे की."

"फार चांगलं आहे. मी ह्याला चार दिले होते. उंदीर कापूस दाताने तोडतो, त्याचा भुगा होतो. हा बोटांनी ओढलेला आहे, तंतू लांब आहेत. मला तेव्हा दिसायला हवं होतं." त्यांनी पडद्यावर बोट ठेवलं. "आणि हे. पायथ्याशी घडी. उंदीर पायथ्याशी घडी घालतो का?"

ती घडी आम्ही दोघांनी पाहिली होती. चाळीतल्या खोलीत तनू झोपेत पाय झाडायची, म्हणून वनिता तिची गोधडी पायथ्याशी दुमडून पावलांखाली सारायची. जे उंदीर कापूस विसरून उघडे पडलेले दिसत, त्यांच्याभोवती ती पहाटे कापूस गोल लावून देत होती. थंडी वाजू नये म्हणून. ज्यांना औषध मिळालं नव्हतं, तेच उघडे पडत होते. तिला हे कसं माहीत असणार?

मी ती सकाळ बाईंना सांगितली. पिंजऱ्यातला हात, आणि मी काय विचारलं ते. बाई रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

"उद्या समितीला सांगू या," मी म्हटलं. "घरटी माणसाने लावली, चाचणी पुन्हा करायला द्या."

"आणि कुणी लावली म्हणून विचारलं की?"

मी पडद्यावरच्या त्या घडीकडे पाहिलं.

"तिला काढतील. ते ठीक, दुसरीकडे काम बघू. पण तिला कळेल. तिच्या हाताने झालं हे. पोर डोळ्यांसमोर चाललीय आणि औषध तुझ्या हाताने बुडलं, हे तिला मी सांगू?"

"खरं तर तसं नाही ना, बाई. चाचणी बरोबर आली असती तरी तनूला..."

"नाहीच मिळणार. तुम्हाला माहीत, मला माहीत. तिला पटवून दाखवा."

"मग बाकीच्या मुलांचं काय? फाटकाशी येतात त्यांचं?"

बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. या प्रश्नाचं उत्तर त्यांनी त्या दिवशी दिलं नाही आणि नंतरही कधी दिलं नाही. बाईंनी केलं ते बरोबर केलं, असं मी म्हणत नाही. शास्त्रज्ञाने खरं सांगायला हवं. पण त्या खोलीत बसून मला दुसरं काही सुचलं नाही, आणि आज इतक्या वर्षांनीही सुचत नाही.

दुसऱ्या दिवशी समितीसमोर बाई उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "घरट्यांचे गुण देताना माझ्याकडून हलगर्जी झाली. ते गुण धरू नका. दोष माझा आहे." एका सदस्याने माझ्याकडे वळून विचारलं, प्राणिगृहात काही वेगळं घडलं होतं का. मी गुडघ्यांवर हात ठेवून बसलो होतो. बाईंनी माझ्याकडे पाहिलं नाही. मी म्हटलं, "नाही."

निधी थांबला. उंदीर हळूहळू कमी केले. बाईंनी वनिताला परत धुण्याच्या कामावर पाठवलं. कारण सांगितलं नाही, तिने विचारलं नाही. केंद्रात, मग फाट्यावर, मग कर्जतच्या बाजारात पसरलं की उंदीरबाईंनी घोळ घातला, नाहीतर औषध निघालं होतं. रिक्षावाले त्यांना बघून बोलायचे थांबत. एकाने तर तोंडावर म्हटलं, "बाई, एवढ्या शिकलेल्या तुमी, आनि आकडं चुकलं?" बाई रिक्षात बसल्या आणि म्हणाल्या, "चुकतात. चला."

त्यानंतरच्या पावसाळ्यात तनू गेली. कशेळ्याला आम्ही दोघं गेलो. बाई ओसरीच्या कडेला बसल्या. जमलेल्या बायकांत कुजबुज झाली, ती आम्हाला ऐकू येईल इतपत मोठ्याने. सासूने एकदा तिकडे नजर टाकली आणि सगळ्या गप्प झाल्या. वनिता बाईंजवळ आली, बसली आणि बाईंच्या मांडीवर डोकं टेकून रडली. बाईंचा हात तिच्या पाठीवर होता. बाई रडल्या नाहीत. येताना बसमध्ये त्या छत्री मुठीत घट्ट धरून बसल्या होत्या, आणि बस कर्जतला लागली, सगळे उतरले तरी उठेनात. कंडक्टर म्हणाला, "मावशी, आलं कर्जत." तेव्हा त्यांचे डोळे भरले.

जगात इतर ठिकाणी याच प्रकारच्या उपायांच्या चाचण्या मुलांवर चालू असल्याचं मी वाचतो. काही ठिकाणी आशा आहे म्हणतात, काही ठिकाणी फार उशीर झाला म्हणतात. बाई निवृत्तीनंतरही ते सगळं मागवून वाचायच्या. मूल घेऊन कुणी घर शोधत आलं तर त्याला बसवून समजावायच्या. कुणी विचारलं, आता तरी सापडलं का, तर आता त्या दोन शब्द बोलत. "अजून बघतायत." लोकांना वाटे, बाई मवाळ झाल्या. मला वाटतं, तो जुना शब्द त्यांना उच्चारवत नव्हता.

मग बाईंना पोटाचा कर्करोग झाला. तहसील कचेरीच्या मागे त्यांचं दोन खोल्यांचं घर. वनिताला कुणी बोलावलं नव्हतं. ती कशेळ्याहून एका पिशवीत दोन लुगडी घेऊन आली आणि राहिली. शेजारणी म्हणाल्या, हिची पोर ह्यांच्यापायी गेली आणि ही सेवा करते, बघा. वनिताने त्यांना पाणी तापतंय म्हणून घराबाहेर काढलं.

मी शेवटचा गेलो ती दुपार होती. बाई पलंगावर, अंगावर जुन्या साड्यांची गोधडी. खूप लहान दिसत होत्या. मला बघून म्हणाल्या, "पशुवैद्य, खिडकी उघडा." मी उघडली. स्वयंपाकघरातून सुकटीचा वास येत होता. बाईंना आता ती गिळवत नव्हती, पण वास यावा म्हणून वनिता रोज थोडी भाजत होती.

"कशी?" मी विचारलं.

"वासाला चार."

थोडा वेळ बोललो. म्हणजे मी बोललो, त्या ऐकत होत्या. मला समितीची गोष्ट काढायची होती. त्या दिवशी मी नाही म्हटलं, त्याबद्दल एकदा तरी तोंडाने काही म्हणायचं होतं. पण वनिता तिथेच होती, आणि माझ्या मते तिला काही माहीत नव्हतं. मी बसच्या वेळांबद्दल बोललो.

पंखा चालू होता. बाईंना शिरशिरी आली असावी, त्यांनी पाय आखडून घेतले. वनिता उठली. तिने गोधडी खांद्यापासून खाली सारखी केली, दोन्ही बाजूंनी अंगाखाली सारली, कड थोडी उंच ठेवली. मग पायथ्याशी आली, तिथे घडी घातली आणि ती पावलांखाली दुमडली. मी दुसरीकडे पाहिलं. पुन्हा वळलो तेव्हा बाई मान किंचित उचलून गोधडीकडे बघत होत्या. डावीकडे, उजवीकडे, मग पायथ्याशी. पिंजऱ्यांसमोर उभ्या राहून बघायच्या तशा.

"पाच," बाई म्हणाल्या.

वनिताचा हात घडीवर थांबला. वर न बघता ती म्हणाली, "तवा चारच दिलं व्हतं, बाई."

बाईंनी गोधडीतून हात बाहेर काढला आणि पलंगावर तिच्या दिशेने उपडा ठेवला. वनिताने तो उचलून परत आत घातला आणि कड पुन्हा नीट लावली. मी उठलो, दारात चपला पायात घालायच्या त्या हातातच धरून थोडा वेळ उभा राहिलो.